हिरवी वायर, पिवळी रेघ

अक्काताई मगदूम नळ सोडायच्या
तेव्हा पायांत रबरी चप्पल, चपलेखाली पाट.
सकाळी सहा ते सात, तेवढाच तास.
आठ वाजता तोच नळ गरीब गाईसारखा.

"साखर वाढली असेल," मुलगा फोनवर म्हणाला.
डॉक्टरांनी बी-बाराच्या गोळ्या दिल्या.
वरच्या उपाध्येवहिनी म्हणाल्या, वयच तसं.
अक्काताईंनी दोन महिने गोळ्या खाल्ल्या
आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या
कुणाला सांगायचं बंद केलं.

मी गेले होते पंख्याचा कंडेन्सर बदलायला.
साडेसहा वाजले होते. कप विसळायला हात पुढे केला
तो माझ्या आधीच मागे आला.
टेस्टर लावला. नळाच्या तोंडावर लाल ठिपका.
मीटर म्हणाला अडतीस.
"तुमच्या हाताला काही झालेलं नाही, अक्काताई.
जे झालंय ते पाइपाला."
त्या खुर्चीवर बसल्या.
"म्हंजे मी खोटं बोलत नव्हते."

दस्तगीरमामा नदाफ मिरजेहून सायकलवर आले.
भिंतीवरच्या पुराच्या रेघेखाली उकिडवे बसले,
पान्यानं पाइप वाजवत गेले
टण, टण, टण,
मग ठप्प.
"हितं प्लास्टिक घातलंय."

पूर ओसरल्यावर कुजका तुकडा कापून
प्लंबरनं पांढरा पाइप जोडला होता.
पाणी चालू, बिल चुकतं.
गावभागातल्या या इमारतीचं सगळं अर्थिंग
चाळीस वर्षं त्याच लोखंडातून
मुकाट जमिनीत उतरत होतं,
हे त्याला सांगणार कोण?
वर उपाध्यांचा गीझर सहाला लागतो,
कॉइल चिरलेली,
ब्रेकर सारखा पडतो म्हणून बायपास केलेला.
तिथला गळका करंट पाइपानं खाली यायचा
आणि जायला जागा नाही म्हणून
पहिल्या मजल्यावर
एका ओल्या हाताची वाट बघत थांबायचा.

मीटिंगला सेक्रेटरी कोठावळे म्हणाले,
"पाण्याच्या पाइपाला वायर? उद्या दाराच्या कडीलाही घालाल."
मामा म्हणाले, "कडी लाकडात हाय, साहेब.
तिला जमिनीशी घेणं ना देणं."

पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा घेतला.
साताऱ्याकडं मुरमात पहार वाकते,
इथं काळी माती, सातव्या फुटाला ओल.
"कृष्णामाईनं निम्मं काम केलंय," मामा म्हणाले.
तांब्याची पाटी, भोवती कोळसा, मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.

मग हिरव्या वायरी ओढल्या, पिवळ्या रेघेच्या.
पाण्याच्या पाइपाला एक. गीझरच्या पाइपाला एक.
मीटरच्या पुढं गॅसच्या पाइपाला एक.
"गॅसवर अर्थिंगचा भार टाकायचा न्हाई कधी.
त्याला नुसतं सांगायचं, बाबा, तूबी आमच्याच पंगतीतला.
पंगतीत सगळे पाट एका उंचीचे.
उंच-सखल न्हाई, तर करंट वाहील कुठनं कुठं?"

मी पकडीखालचा रंग कानशीनं घासत होते.
रंगावर आवळलेली पकड नुसती दिसते, धरत नाही.
धातू लखलखेपर्यंत घासलं, आवळलं,
वर पट्टी लावली: सुरक्षेची जोडणी, काढू नये.
अक्काताई बघत होत्या.
"हिरवा चुडा, पिवळी हळद.
माझ्या नळाचं लगीन लावलंत की गं पोरी."

दुसऱ्या दिवशी साडेसहा.
उपाध्यांकडं नवी कॉइल, जागेवर ब्रेकर,
तरी मी आले.
त्यांनी पाट सरकवला, चप्पल काढली,
ओल्या फरशीवर उभ्या राहिल्या,
आणि नळ अख्ख्या मुठीत धरला.
बराच वेळ.
"आता नुसतं पाणीच येतंय," म्हणाल्या.
आनंद की आणखी काही, मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये खड्डा सुकू द्यायचा नाही, मी सांगून ठेवलंय.
परवा त्या वाटेनं गेले तर
कोपऱ्यात झाकणावर कुणाची तरी स्कूटर,
समोर अक्काताई, कमरेवर बादली,
जिन्यात मान वर करून हाका मारत होत्या,
"उपाध्ये, गाडी काढा.
त्याला पाणी घालायचंय."