अर्ध्या तोंडानं गोवा

मुरगावला बोट लागली तेव्हा दाढ
रात्रभर ठणकून दमली होती. मी नव्हते दमले.
बाकीचे गळ्यात कार्डं अडकवून
मंगेशी, जुनं गोवं, दुपारचं जेवण धरून
अशा बसमध्ये चढले.
रेवती म्हणाली, चल गं, लवंग धर तोंडात.
लवंग होतीच.
कालच्या बिर्याणीतून वेचून ठेवलेली.

गेटबाहेर टॅक्सीवाले. कलंगुट? दूधसागर? चर्च?
मी म्हटलं, दातांचा डॉक्टर.
एकानं हसू दाबत दार उघडलं
आणि वाटेत काहीच दाखवलं नाही,
ना डावीकडे बघा, ना उजवीकडे.
वास्को आपलं कामाला लागलेलं.
कुणी बायना बायना ओरडत बस भरत होतं,
एक बाई खिडकीच्या गजांवरचा कोळसा पुसून
काळ्या फडक्याकडे बघत
रोजच्यासारखी कुणाला तरी शिव्या घालत होती.

दवाखाना बेकरीच्या वर.
डॉ. इर्मा फुर्तादो, नऊ ते साडेबारा.
रजिस्टरात पत्ता हवा होता.
कराड लिहिलं, खोडलं,
केबिन आठ हजार एकशे चौदा लिहिलं.
बाकावरची म्हातारी कवळीची डबी मांडीवर घेऊन:
खंयची गो तूं? बोटीर आयल्या?
मी गालावर हात ठेवून मान हलवली.
तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि आपला नंबर दिला. म्हाका घाय ना.

खुर्चीतून दिसला गोवा तो एवढा:
पंखा, खिडकीतली क्रेनची मान,
डॉक्टरच्या कपाळावरची एक सुटलेली बट.
दुखता?
दुखतं आणि दुखता, एका कान्याचा फरक.
मी तो मोजेपर्यंत
सुई टोचून झाली होती.

दोन तास गरम काही नाही, म्हणाल्या.
आणि खाली भट्टीतून पाव निघत होते.
दोन पोळ्या घेतल्या, कागदात बांधून
चांगल्या गालाला लावून धरल्या.
मग पायरीवर बसून व्हॅनिलाचा कप.
निम्मा पोटात, निम्मा पदरावर.
शाळेतून येणारं एक पोर थांबून बघत राहिलं,
जावं की मदत करावी
हे त्याचं ठरत नव्हतं.

गेटवर शिपायानं पिशवी उघडली.
ह्या पुडीत काय?
दात.
कोणाचा?
माझाच म्हणायला गेले, माधात झालं.
त्यानं पुडी दोन बोटांनी परत ठेवली
आणि सॅल्यूट ठोकला.

संध्याकाळी रेवतीनं दोनशे बारा फोटो दाखवले.
तू काहीच बघितलं नाहीस, म्हणाली.
किनारा मागे सरकला तशी
पोळी चहात बुडवून, डाव्या बाजूनं,
सावकाश खाल्ली. कडक झाली होती.
जीभ सारखी त्या खड्ड्याशी जाऊन येत होती,
कुलूप लावलं ना, बघणाऱ्या बाईसारखी.

वास्कोत एका रजिस्टरात
माझा पत्ता आहे आठ हजार एकशे चौदा.
गुरुवारपासून तिथे
दुसरंच कुणी राहील.