दिवसाला दोन सेंट

निपाणीत, जुन्या पोस्टामागच्या बोळात
माझी खोली आहे, वर.
बत्तीस वर्षं तिकिटांवर शिक्के मारले.
आता ज्यांना चलन म्हणून कुणी विचारत नाही
त्या कागदांची किंमत सांगतो.

हौसाक्का मगदूम भर दुपारी आली.
तंबाखूचा वास निपाणीत कुणाला येत नाही,
मला आला, खोली बंद होती म्हणून.
कापडी पिशवीत धुतलेली दुधाची पिशवी,
तिच्यात घडी घातलेले शंभर डॉलर.
"वखार पाडली न्हवं का, कोनाड्यात चोपडी घावली.
चोपडीत ह्ये. सुनेनं फोनवर बगिटलं,
म्हणाली, अमेरिका हाय."

अमेरिका, पण मेलेली.
अठराशे बासष्टची, फुटून निघालेल्या दक्षिणेची,
पुढं तीन वर्षंही धड जगली नाही.

भिंग काढलं. चिमटा. खिडकीकडं धरली.
सहीची शाई गंजासारखी, कागदात उतरलेली.
नकली असते तिची सही छापील,
कागद चहात बुडवून वाळवल्यासारखा कडकडीत.
ही मऊ, जुन्या धोतरासारखी.
तरी मन घेईना. कड वाकडी.
डावीकडं समास ऐसपैस,
उजवीकडं चौकटच कापली गेलेली.
सरकारी नोट अशी असते का?

तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली,
चिमट्याबिमट्याशिवाय.
"कातरल्याली हाय. मशिनीवर न्हाई.
हितनं धरली, हितं हात दमला,
हितं कुणीतरी हाक मारली आसंल.
बाईची कात्री हाय ही."
चाळीस वर्षं पत्र्याचं माप ठेवून
पान कापणारी बोटं
त्या कडेवरून एकदा गेली, परत आली.

कॅटलॉगात तळटीप होती, मी कधी वाचलीच नव्हती:
पुरुष लढाईत, म्हणून बायका बसायच्या
नोटा कापायला, सह्या करायला, दिवसभर.
वहीत लिहिलं: अस्सल.
पुढचा रकाना होता, कशावरून?
तो तसाच सोडला.

"काय ल्हिवलंय त्यात?"
तह होऊन सहा महिने झाले, की
आणणाऱ्याला शंभर डॉलर देऊ.
तोवर दिवसाला दोन सेंट व्याज.
"मग? झाला का तह?"
नाही. देणारं राज्यच उरलं नाही.
"आमच्या पीएफवानी," म्हणाली, आणि अशी हसली
की मलाही हसावं लागलं.
समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती खिडकीतून,
माझ्यादेखत तीनदा रंगवलेली,
कधी ही लिपी वर, कधी ती.
कोर्टात तारीख पडते, पेपरात येतं,
पेपर नंतर रद्दीत.

"आन् ही माणसं? भांगलायला लागल्यात."
कापसाचं रान आहे, म्हटलं. गुलाम आहेत ते.
"रोज किती ह्यांचा?"
मी भिंग पुसत बसलो.
कोरणारा कोण, छापणारा कोण,
कोपऱ्यातला तो मानेवर केस आलेला पुढारी कोण,
सगळं दिलंय पुस्तकात.
भांगलणाऱ्यांपुढं फक्त नमुना क्रमांक, एक्केचाळीस.

शेवटी आकडा सांगितला. सात हजार.
कोपऱ्याला सेलोटेप नसती तर दहा.
"टेप मीच लावली. काल.
आनखी फाटू नये म्हणून."
मग ओठ हलले, हिशेब चालला असावा:
"पंचवीस हजार इड्या. म्हयना."

गिऱ्हाईक आहे, कोल्हापूरला, मी म्हटलं,
आत्ता फोन लावतो.
तिनं नोट परत दुधाच्या पिशवीत सरकवली,
वरून हात फिरवला, हवा काढली.
"ऱ्हाऊ द्या मास्तर.
तह झाला की निरोप द्या."

उतरताना लाकूड करकरलं.
दुसरी पायरी हलते,
हे मी तिला सांगायचं राहूनच गेलं.