उजवीकडचा बाक

बुधवारी संध्याकाळी सातला, शाहूपुरीत,
चर्चच्या मागच्या खोलीत, जिथं भाता फाटलेली बाजाची पेटी आहे
आणि नाताळचा तारा वर्षभर कोपऱ्यात उभा,
आम्ही अकरा माणसं बसतो.
या बुधवारी प्रश्न निघाला:
जो चुकलो म्हणतच नाही, त्याला माफ करायचं का?

करायचं, पाळक आढाव म्हणाले. सांगितलंय, मग संपलं.
आज्ञा मनाला पटेपर्यंत दारात थांबत नसते.

विल्सन मास्तर उसळले. तेहतीस वर्षं व्याकरण शिकवलंय त्यांनी.
म्हणाले, देणं म्हटलं की घेणारा लागतो, पाळकसाहेब.
दार लावून बसलेल्या घरी टपालवाला काय करणार?
फटीतून टाकणार, करुणाबाई म्हणाल्या,
आणि विणकामाचा टाका मोजायला लागल्या.

कोणी म्हणालं, विश्वास असला की जमतं.
कोणी म्हणालं, जमलं तर विश्वास होता म्हणायचं.
आल्याचा चहा आला.
माझ्याकडं कोणी बघितलं नाही,
इतकं जपून, की सगळे माझ्याकडंच बघत होते.

उद्यमनगरातली फाउंड्री, दुसरी पाळी.
लेडल ओली होती.
बर्नबा, म्हणजे घरात आमचा बारका,
म्हणाला, साहेब, वाळू द्या की जरा.
रत्नाकर समुद्रे म्हणाले, ओत रं, गाडी उभी आहे.
ओलीवर तापलं लोखंड पडलं की ते ओरडतं म्हणे.
उजवा डोळा गेला.
चौकशीत समुद्रे म्हणाले, पोरानं चष्मा घातला नव्हता.
चष्मे कपाटात होते.
किल्ली समुद्र्यांच्या खिशात.

तेच समुद्रे मंडळीचे पंच.
महिन्याच्या पहिल्या रविवारी, डावीकडच्या बाकांना,
प्रभुभोजनाचं ताट तेच फिरवतात.
म्हणून नऊ वर्षं मी उजवीकडं बसते,
जिथं पंख्याचा वारा पोचत नाही,
आणि प्रार्थनेतल्या त्या एका ओळीशी
माझे ओठ हलतात, आवाज नाही.

एकदा बारक्याला म्हटलं, सोडून देऊ का रे आता?
तो कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता,
डाव्या डोळ्याला भिंग लावून.
मान वर न करता म्हणाला,
डोळा माझा गेलाय, आई.
तू काय सोडणार?

या रविवारी उजवीकडचे पंच मिरजेला, लेकीच्या बाळंतपणाला.
ताट घेऊन समुद्रे आले.
अंगठ्याएवढे पेले, तळाशी द्राक्षाचा रस.
मी त्यांचा हात बघितला.
नखं नीट कापलेली. लग्नातली अंगठी, आता घट्ट झालेली.
मनगटावर जुना भाजल्याचा डाग, दोऱ्याएवढा.
हे मला ठाऊक नव्हतं.
हात कापत नव्हता. जराही नाही.

मी पेला उचलला.
विश्वासानं की आज्ञा म्हणून, ते मास्तरांना विचारा.
शेजारची बाई ताटासाठी खोळंबली होती,
म्हणूनही असेल.

घरी आले तर बारका वाटीत डोळा धूत होता.
काचेचा म्हणतो आम्ही, आहे प्लास्टिकचा.
आज कोणी दिलं? त्यानं विचारलं.
सांगितलं.
तो पाण्यात डोळा बोटानं फिरवत राहिला,
बुबुळ वर, बुबुळ खाली.
मग म्हणाला, हात कापत होता का त्याचा?

कापत होता, म्हटलं मी. थोडा.

वाटीतलं पाणी त्यानं कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं,
डोळा बसवला, आरशाशिवाय,
आणि म्हणाला, वाढ, भूक लागली.

प्रभुभोजनाला तास झाला नव्हता.
जिभेवर अजून द्राक्षं होती.
येत्या बुधवारी कोणी विचारलंच,
तर खोटं बोलले, एवढं कबूल करीन.
पश्चात्ताप म्हणाल, तर नाही.