जिन्याखालचं रीडिंग

वीस लिटरची काचेची बरणी,
जिन्याखाली, ओल्या पोत्यात गुंडाळलेली.
शार्दूल ठेवून गेला, कोचीला जायच्या आदल्या रात्री.
बियर आहे म्हणाला, जवाची.
बरणीला चिकटपट्टीनं चिठ्ठी:
हलवू नकोस. उघडू नकोस. नुसती बघ.

बघायचंच काम केलं मी एकतीस वर्षं,
माळबंगल्यावर, पाण्याच्या प्रयोगशाळेत.
सहा चंचुपात्रांत कृष्णेचं पाणी,
प्रत्येकात तुरटी आधीपेक्षा थोडी जास्त,
गाळ कुठल्यात आधी बसतो ते घड्याळ लावून.
आषाढात पाणी चहासारखं यायचं.
आकडा असेल तो लिहायचा,
साहेब मागे उभे असले तरी.

त्याचा फोन रात्री नऊला.
जेवलीस का, नाही. गुडघा कसा आहे, नाही.
"रंग काय म्हणतोय?"

पहिल्या दिवशी म्हटलं, काकवीत दूध सांडल्यासारखा.
दुसऱ्या दिवशी घाबरले.
वर चार बोटं फेस, घट्ट, पिवळट,
गुऱ्हाळात काहिलीवर मळी चढते ना, तसा,
त्यात तपकिरी रेघा, हिरवा चुरा,
आणि नळीतून वाटीतल्या पाण्यात बुडबुड.
रात्री दोनला वाटायचं
जिन्याखाली कोणी तांब्या भरून घेतंय.
भेंडीचं पाणी घालू का, विचारलं, मळी धरते.
तो हसला. किती महिन्यांनी.
"आई, काही घालायचं नाही."

शेजारच्या शिंत्रेवहिनींना व्हिनेगर सांगितलंय.
त्या म्हणाल्या, एवढं?

सहाव्या दिवशी फेस खचला.
काचेला आतून त्याची रेघ राहिली, खरखरीत,
गावभागातल्या आमच्या घराच्या भिंतीवर
एकोणीस सालची आहे तशी.
त्या रेघेच्या वर ह्यांचा फोटो होता, तो वाचला.
खाली शार्दूलची सगळी पुस्तकं होती.
आधी काय उचलायचं ते मी ठरवलं होतं.
हे आम्ही बोलत नाही.
त्या रात्री फोनवर रेघेचं सांगितलं नाही,
फेस बसला एवढंच सांगितलं.

नवव्या दिवशी:
वरून काळपट होत चाललंय रे. बिघडलं.
"बिघडलं नाही, निवळतंय.
गढूळ असतं तोवर उजेड परत फेकतं, म्हणून फिकट दिसतं.
निवळलं की उजेड आत जातो."
हे मला ठाऊक होतं.
ऐकून घेतलं, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

मग रोज दोन बोटं, तीन बोटं,
वरचा गडद पट्टा खाली सरकत गेला.
तळाला साय धरली,
कुरडयांच्या गव्हाचा चीक बसतो तशी, पांढुरकी, गुळगुळीत.
बुडबुड मिनिटाला एक. मग चहा होईपर्यंत एक.
मग वाटीतलं पाणी नुसतं पाणी.

"पूर्ण निवळलं की सांग," तो म्हणाला,
"विराज येऊन बाटल्या भरून नेईल. तुझी सुटका."

आज दुपारी पोतं सोडलं.
बरणीच्या मागे पेपर धरला, तिसरं पान.
मथळा वाचता आला.
बातमी वाचता आली.
चष्मा लावला, तर निविदा सूचनेतला
सर्वांत बारीक टाइप,
अनामत रकमेपर्यंत.
मधासारखा रंग, आणि आरपार खिडकीचे गज.
एकटीच म्हणाले, शाबास.

नऊला फोन.
"काय म्हणतोय रंग?"

एकतीस वर्षांत खोटा आकडा लिहिला नाही मी.

अजून गढूळ आहे, म्हटलं.

"असं?" थोडा थांबला.
"थंडी असेल. थंडीत वेळ लागतो."
हो, म्हटलं, थंडी आहे.

मार्च लागला होता.
डोक्यावर पंखा पाचावर,
खटखट करत होता,
त्यालाही ऐकू जात असणार.

"बरं," म्हणाला, "उद्या बघू."