अक्कलदाढ

मिरजेच्या कार्यालयात पंखा बंद केला होता,
ताटातले तांदूळ उडू नयेत म्हणून.
निषादनं अंगठीनं नाव लिहिलं : शर्वरी.
जन्म लेस्टरचा, मराठी पाटी वाचताना चाचपडणारा,
पण रफार एका झटक्यात, जागच्या जागी.
मी लाजले. म्हटलं, किती रात्री गिरवलं असेल
माझ्यासाठी.

ओडबीतलं घर रस्त्यावरून दिसत नाही.
आधी फाटकाचा आकडा, मग खडी,
मग लॉरेलचं कुंपण, गळ्यापर्यंत कातरलेलं.
सासरे पाहुण्यांना सांगतात,
बाहत्तर साली कंपालाहून आलो, एका पेटीनिशी.
आता चार नर्सिंग होम्स.
पेटीत काय होतं, ते कुणी विचारत नाही.
माझा पासपोर्ट तिजोरीत. सगळ्यांचेच असतात.

पहिल्या आठवड्यात टपाल आलं,
मिसेस शर्वरी टिपणीस,
चष्मा बदलायची वेळ झाली आहे.
मी चष्मा लावत नाही.
"पाठवतात मेले सगळ्यांना," सासूबाई म्हणाल्या
आणि पाकीट चौथाई चौथाई फाडलं,
नखानं दुमडून, सरळ.

मग दाताचा डॉक्टर.
हॅलिवेल नाव, हाताला पुदिन्याचा वास.
पडद्याकडे बघत म्हणाला,
खाली उजवीकडची अक्कलदाढ आपण काढली होती,
बघू, जखम कशी भरलीये.
आणि आत डोकावला.
आणि थांबला.
मी आ वासलेली, दिवा डोळ्यांत,
जीभ हलकेच मागे नेली :
होती. गुळगुळीत, जागच्या जागी, माझी.
त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं,
जिथं सासूबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

रात्री निषाद झोपेत हाक मारतो,
शर्वरी.
मी ओ देते.
ओ दिल्यावर तो दचकतो.

दिवाळीत फराळाचे डबे वाटायला निघालो.
तिसऱ्या होमपाशी मला नेहमी गाडीत बसवतात,
तिथं म्हणे सतत कसली ना कसली साथ असते.
यंदा त्यांचा फोन लांबला.
मी चकल्यांचा डबा घेऊन आत गेले.
कॉरिडॉरला उकडलेल्या कोबीचा वास,
टीव्हीसमोर ओळीनं पांढरी डोकी,
आणि शेवटच्या खोलीत एक काळं.
पस्तिशीची असेल. नखं कापलेली, अगदी मुळापासून.
मंगळसूत्र बघितलं माझं, मग चेहरा,
मग ट्रेवर मीठ सांडलं, मुद्दाम,
आणि बोटानं लिहिलं,
श, र्व,
री लिहायच्या आत तळव्यानं पुसून टाकलं.
"मी दुसरी," ती म्हणाली, शुद्ध मराठीत,
कोल्हापूरकडचा हेल.
"तू आधी कोण होतीस?"
मी सांगितलं नाही.
खरं म्हणजे, पटकन आठवलंच नाही.
ती हसली तेव्हा तोंडात उजवीकडे, पार मागे,
एक रिकामी जागा होती.

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.
सीट गरम होत होती.

आता स्वयंपाकघराच्या ओट्याशी आम्ही दोघी,
मोड आलेले वाल सोलतोय, उद्याच्या बिरड्याला.
"साल अलगद सुटलं पाहिजे," सासूबाई शिकवतात,
"दाणा मोडता कामा नये."
त्यांच्या चिमटीतून एकेक दाणा
हिरवट, ओला, उघडा, पातेल्यात पडतो.
"गुरुवारी साडेदहाची वेळ घेतलीये हॅलिवेलकडे."
मला दुखत नाहीये, मी म्हणते.
"नसेना का. दुखायच्या आधी काढलेली बरी.
आम्ही टिपणीस गं. नोंद आणि माणूस जुळलं पाहिजे."

आज मंगळवार.
मी तोंड मिटून सोलते आहे.
आत जीभ मागे जाऊन दाढेवर टेकते,
आणि अंधारात, कुणाला ऐकू न जाता,
एक एक अक्षर चाचपडत म्हणते :
सु.
मे.