अंगण वाकडं

खानोलकरांची पिवळी गाडी, दोनच माणसांची,
पोट जमिनीला लागेल इतकी बुटकी,
तुर्भ्याच्या माझ्या गॅरेजात शिरताना
तबरेजनं पुढे फळ्या टाकल्या, तेव्हा कुठे आली.

तक्रार एकच. तेलाचा काटा.
पाम बीचच्या वळणावर शून्य,
नेरूळच्या पुलावर काठोकाठ,
सिग्नलला थांबलं की तळ्यात-मळ्यात.
"घाबरून ओतत गेलो हो," म्हणाले,
"आधी लिटर, मग अर्धा, मग पुन्हा लिटर."
शेवटी मागून निळा धूर,
आणि सोसायटीच्या वॉचमननं गेटवर नाक दाबलं.

आधी जास्तीचं काढलं. सव्वा लिटर.
मग इंजिन तापू दिलं, संथ चालू ठेवलं.
ही जात थंड असताना खरं बोलत नाही;
तेव्हा तेल टाकी सोडून
खाली इंजिनात उतरून बसलेलं असतं.

सेंडरची वायर उपटली, काटा पडला.
तीच बॉडीला टेकवली, काटा शेवटपर्यंत उडाला.
म्हणजे मीटर शहाणा, वायर इमानी.
उरला सेंडर.
बाहेर काढून फ्लोट बोटानं उचलला,
मल्टिमीटरवर ओहम चढत गेले, उतरत गेले,
आणि मधेच एका जागी काहीच नाही,
जसं सतराच्या पाढ्यात पोर अडतं.
पिनांवर हिरवा गंज. खाडीचा वारा, दुसरं काय.
घासलं, स्प्रे मारला, टाका नवा घातला.

बसवला. थरथर गेली.
पण दांडी म्हणे अर्धं, काटा म्हणे पाऊण,
दोघं ठाम, सख्ख्या भावांसारखे.
तबरेज म्हणाला, मीटर बदलू.
खानोलकर काहीच म्हणाले नाहीत,
तीस वर्षं जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस,
रुमालानं दांडी पुसत राहिले.
मग म्हणाले, "बोटीवर टाकी मोजायच्या आधी
विचारायचो, कलंडलीय किती?
त्याचा तक्ताच असायचा."
मी हसलो. म्हटलं, साहेब, ही जमीन आहे.

म्हटलं खरं.

शेजारच्या गाळ्यात यंकप्पा भिंत चढवत होता.
त्याची पाणसळ मागितली, लांब पारदर्शक नळी,
आत चहाच्या रंगाचं पाणी.
एक टोक डाव्या चाकाशी तबरेजनं धरलं,
दुसरं उजव्याशी मी.
पाणी हललं, डुचमळलं, गप्प झालं.
तीन बोटांचा फरक.

नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवणारे
या धंद्यात रोज भेटतात.
इथे अंगण खरंच वाकडं होतं
आणि ओतलं होतं मीच,
अकरा वर्षांमागे, थापी स्वतः धरून,
गाड्या धुतलेलं पाणी गटाराकडे जावं म्हणून.

अकरा वर्षं.
ऐरोलीच्या त्या टेम्पोवाल्याला म्हटलं होतं,
तुझी गाडी तेल पिते, विकून टाक.
त्यानं विकली.
कोपरखैरण्याच्या वकीलबाईंशी भांडलो होतो
एका बोटाच्या पातळीवरून,
त्या परत आल्या नाहीत.

दोन चाकांखाली फळ्या सारल्या.
दांडी पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली.
काटा सरकत सरकत तिच्यापाशी आला,
अगदी शेजारी, एक नव्हे.
एका रेषेचं अंतर उरलं.
"ते असू दे," खानोलकर म्हणाले,
"तेवढं समुद्रातही असायचं."

यंकप्पा नळी न्यायला आला. फरशी बघितली,
तळव्यानं चाचपली, जीभ टाळूला लावून आवाज केला.
"सरळ करून देऊ? दोन दिवसांचं काम."
मी म्हटलं, मग पाणी कुठे जाईल?
तो नळी गुंडाळत राहिला.

संध्याकाळी तबरेजनं ऑइल पेंटनं
भिंतीवर लिहिलं: उजवीकडे तीन बोटं उतार.
ओळ लिहिता लिहिता
त्याचंही अक्षर जरा गटाराकडे झुकलं.