बाह्या दुमडून

एकवीस वर्षं एकच माणूस तांडेल होता
'शून्यनौके'चा.
दर रविवारी रात्री नऊला
डाव्या हाताने सुकाणू धरायचा,
उजव्या हाताचं काय करायचं
ते त्याने शेवटपर्यंत ठरवलं नाही.
मागच्या रविवारी करडं जाकीट खुंटीला टांगलं
आणि गेला दाराबाहेर, जिथे हवा नसते.

आज नवीन.
जेल रोडला, गांगुर्डेंच्या गच्चीवर चादर ताणलीय,
निफाडकडून येणारा गारठा तिला पोट आणतोय,
आणि आम्ही अठरा जण, कानटोप्या, मक्याचा चिवडा,
सुतकात बसल्यासारखे.

बाई आहे म्हणे.
बाईबद्दल माझं काही नाही, कोठावदे सर म्हणाले
(म्हणजे बाईबद्दलच होतं),
पण वजन लागतं हो. तांडेल म्हणजे वजन.
अंतराळात वजन नसतं सर, शाहीन म्हणाली,
तुम्हीच शिकवलंत, अकरावीत.

बागुलांच्या धाकट्याने दंडावर नौका गोंदवलीय.
एवढ्या थंडीत बाही वर करून बसला,
पुराव्यासारखा.

गांगुर्डे नोटांच्या प्रेसमध्ये होते, तेहतीस वर्षं.
म्हणाले, गव्हर्नर बदलला की सही बदलते.
पहिल्या दिवशी आम्हालाच ती नोट खोटी वाटायची,
आम्हीच छापलेली.
उजेडाला धरून बघायचो.
मग चालते. दूध येतं तिच्यावर.
मागून कुणीतरी: आणि रात्री आठला बंदही होते, काका.
हसलो सगळे. हसून बरं वाटलं.

ओवी हसली नाही.
ओवी तेरा वर्षांची. माझी.
म्हणजे तिच्या बाबांची आणि सुनंदाची.
मी आले तेव्हा नऊची होती,
आणि घरात सगळ्यांचे संवाद आधीच ठरलेले:
डबा कुठल्या फडक्यात,
वरणात गूळ किती,
कुकरची कितवी शिट्टी शेवटची.
वाईट कुणी वागलं नाही.
फक्त मला उजेडाला धरून बघायचे.

ही मालिका त्या दोघींची, एका गोधडीतली.
पहिले सहा महिने रविवारी नऊ वाजता
मी भांडी घासायचे, सावकाश,
घासलेलीसुद्धा.

"ती खरी नाहीये," ओवी म्हणाली,
"बघ ना, जाकीटच तिचं नाहीये."

जाकीट मोठं होतं खरंच.
नव्या तांडेलने बाह्या दुमडल्या,
एकदा, परत एकदा,
डावीची घडी सुटली.
सुकाणूपाशी गेली, चुकीची कळ दाबली,
नौका कलंडली, खालच्या तळाचे दिवे गेले,
आणि ती म्हणाली, माणसांना नाही, यंत्राला:
"सॉरी हं."

गच्चीवर गदारोळ.
सरांनी कानटोपी काढून मांडीवर आपटली:
तांडेल सॉरी म्हणतो? एकवीस वर्षांत एकदा तरी?
बागुलच्या पोराने बाही खाली ओढली.
थंडी होती. उगाच अर्थ काढू नये.

सुनंदा उंच होती.
तिचा ॲप्रन मला पोटरीपर्यंत येतो.
शिलाई मशीन घरात आहे, चार वर्षं झाली,
आखूड केलेला नाही.
रोज कमरेशी वर खोचते, स्वयंपाक होईतो सुटतो,
परत खोचते.
ओवीने हे पाहिलंय का, मला माहीत नाही.

वाऱ्याने चादर फुगली,
नव्या बाईचा चेहरा लांबट झाला, मग जागेवर आला.
"हिला कुणी सांगितलंच नसेल," ओवी म्हणाली,
"कुठली कळ कशाची ते."
नसेल, मी म्हणाले.
"जुन्याने लिहून तरी ठेवायचं."

त्यावर दोघीही गप्प.
मग तिने चिवड्यातले शेंगदाणे वेचले
आणि वाटीच्या माझ्या बाजूला सारले.
तिला शेंगदाणे आवडत नाहीत, एवढंच.
मी खाल्ले.